शेतयुद्ध

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात शून्य देण्याचा मान एकट्या सरांकडे होता. बाकीचे आम्ही सगळे मऊ हाताचे. पोरानं निदान प्रश्न तरी नीट उतरवून काढलाय, असं म्हणत दोन-तीन गुण टाकून पुढं जाणारे. सर राज्यशास्त्र शिकवत. बारावीला शीतयुद्धावर प्रश्न ठरलेला, आणि त्याचं गाइडातलं उत्तरही ठरलेलं: 'या काळात दोन महासत्तांमध्ये प्रत्यक्ष युद्ध झाले नाही, त्यामुळे जीवितहानी टळली.' हे वाक्य आलं की सरांचा लाल पेन तिथंच थांबे आणि समासात भाकरीएवढं शून्य उमटे.

पालक तक्रार घेऊन येत. प्राचार्य सरांना बोलावून म्हणत, "अहो, पुस्तकातलंच लिहिलंय की पोरानं."

"पुस्तकात नाही, गाइडात आहे," सर म्हणत. "पुस्तकवाले हुशार आहेत, ते यावर नुसते गप्प बसलेत."

मग वर्गात त्या पोराला उभं करून विचारत, "कोरियात मेले, व्हिएतनाममध्ये मेले, अफगाणिस्तानात मेले. ते काय थंडी वाजून मेले का रे? लढाई व्हयनी नही म्हंजे शांतता शे, आसं कोनी सांगं तुले?"

पुढल्या वर्षीचं पोरगं पुन्हा तेच वाक्य लिही.

विसरवाडीत आमचं कॉलेज हायवेपासून हाकेच्या अंतरावर होतं. हाकेच्या म्हणजे सरांच्या हाकेच्या. त्यांचा आवाज हा गावातला एक स्वतंत्र विषय होता. बसस्टँडवर उभे असले की ते ओळखी-अनोळखी कुणालाही हाका मारत. "गाडी उनी रे, गाडी उनी!" "ओ पाव्हना, पिशवी राही गयी तुम्हनी!" मोटरसायकलवर मागं बसलेली बाई दिसली की, "ओ बाई, पदर संभाय, चाकम्हा जाई!" ट्रकवाल्याला दोर सैल झाल्याचं सांगत, भेळवाल्याला स्टोव्ह भडकल्याचं सांगत. एकदा रस्ता ओलांडणाऱ्या बकरीलाही त्यांनी बजावलं होतं, आणि बकरी खरोखरच थांबली होती. पोरांनी त्यांचं नाव 'भोंगा' पाडलं होतं. सरांना ते माहीत होतं. "भोंगा वाजला पाहिजे," ते म्हणत, "न वाजलेला भोंगा काय लोणचं घालायचा?"

मी नाशिककडून नवीनच मराठी शिकवायला आलो होतो. सर आम्हा कुणालाच नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ए मराठी, चहा घेशील का?" "भूगोल कुठं उलथला आज?" पहिल्यांदा मला राग आला होता. पुढं तेच माझं नाव झालं. आजही बसमध्ये कुणी मागून 'मराठी' म्हटलं की मी वळून बघतो.

शीतयुद्धाचं प्रकरण सर नुसतं शिकवत नसत, ते वर्गात मांडत. खिडकीकडची रांग अमेरिका, दाराकडची रांग रशिया, मधली रांग अलिप्त. जुलैपासून दिवाळीपर्यंत अमेरिकेनं रशियाशी बोलायचं नाही. डस्टर हवं असेल, वही हवी असेल, तर मधल्या रांगेमार्फत निरोप. पोरं खूश. आठ-पंधरा दिवस गंमत चाले. मग हळूहळू निरोप वाकडे व्हायला लागत, कुणीतरी खडू भिरकावी, तिकडून दुसरा येई. दिवाळीच्या आधी सर मधल्या रांगेला पुढं बोलावत आणि त्यांचे शर्ट सगळ्या वर्गाला दाखवत.

"बघा. भांडण यांचं आणि त्यांचं. खडू कोणाच्या अंगावर?"

त्यांची आवडती गोष्ट चंद्राची होती. अमेरिकेनं शत्रूची क्षेपणास्त्रं लांबूनच कळावीत म्हणून उत्तरेकडे मोठं रडार बसवलं. एक दिवस रडारनं खबर दिली, आली, क्षेपणास्त्रं आली. सगळ्यांची पळापळ. थोड्या वेळानं कळलं, क्षितिजावर चंद्र उगवत होता. पोरं खो खो हसत. सर हसत नसत. "समोरचा काय करतोय ते विचारायची सोय ठेवली नाही, की चंद्रसुद्धा हल्ला करायला येतो," असं म्हणून ते फळा पुसायला लागत. त्या दोघांनी पुढं शहाणपणानं आपसांत तातडीची तार जोडून घेतली, हॉटलाइन, हेही सांगत. आणि हे सांगताना त्यांचा हात उगीच शर्टाच्या खिशावर जाई.

त्या खिशात एक साधा, बटनांचा फोन असे. एकदा त्यांनी मला तो दिला, कुणाला तरी फोन लावून दे म्हणाले. नावं बघता बघता मला 'हॉटलाइन' असं एक नाव दिसलं. मी गमतीनं विचारलं, "सर, हा कोण? मॉस्को?"

"आमचे थोरले बंधू," ते म्हणाले. "नंबर आहे. लावत नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन काढून घेतला. सरांचं गाव नंदुरबारजवळ, सपाटीवर. तिथं भावाभावांचं शेत होतं आणि दोघांत अबोला होता, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी सर गावी जात, आपल्या वाटणीच्या शेतात उभे राहत आणि परत येत. भांडण कशावरून झालं ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, बांधावर एक बोराचं झाड होतं, त्याची बोरं कुणाच्या बायकोनं कुणाला विचारून वेचली, असं काहीसं. झाड केव्हाच वठून गेलं होतं.

आणि मग ते उत्तर आलं.

सहामाहीचे पेपर तपासणं चाललं होतं. सरांना मोतीबिंदूचा त्रास होता म्हणून त्यांचे थोडे पेपर आमच्या इंग्रजीनं नजरेखालून घातले होते. त्यातला एक हातात धरून तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायला लागला. "ऐका, ऐका. 'शेतयुद्ध' म्हणजे काय ते सांगा!" पोरीनं शीतयुद्धाऐवजी सगळीकडे शेतयुद्ध लिहिलं होतं. सगळे हसले. मीही हसलो. मराठीचा मास्तर म्हणून माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, एका मात्रेनं अमेरिका बांधावर आणून बसवली. खरं तर ती वेलांटी तरी कुठून जागेवर पडणार? पोरगी अक्कलकुव्याच्या वरची, डोंगरातल्या गावातली. घरी भिलोरी बोलायचं आणि मराठी लिहायचं ते शाळेत, अशी तिची गत. इथं वसतिगृहात राहून शिकत होती.

"उत्तर वाच," सर कोपऱ्यातून म्हणाले.

इंग्रजीनं वाचलं. मला ते अजून आठवतं. 'शेतयुद्ध म्हणजे दोन मोठे शेजारी असतात. ते एकमेकांना मारत नाहीत. बोलत पण नाहीत. ते मधी दुसरा माणूस ठेवतात. तो इकडचं तिकडे सांगतो. मग तो मधला माणूस मरतो. दोघं मोठे म्हणतात, आम्ही नाही मारला. ते खोटं नसते पण खरं पण नसते.'

वाचता वाचता इंग्रजीचा आवाज खाली आला. सरांनी उठून पेपर घेतला, चष्मा वर करून पुन्हा वाचला, आणि त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण दिले. शेतयुद्ध या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली.

"चुकलं का, सर?"

"नाही बेटा. गाइडचं चुकलंय. हे तुला कोणी सांगितलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आमच्याकडे असंच असतं ना, सर," ती म्हणाली. "मोठी माणसं भांडली का बोलत नाहीत. मग निरोप घेऊन जातो त्यालाच लागतं."

"जा," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदाच बारीक वाटला.

संध्याकाळी हायवेवरच्या टपरीवर त्यांनी मला बसवून घेतलं. ट्रक जात होते, चहावाला रॉकेलच्या डब्याजवळ विडी ओढत होता, तरी सरांनी त्याला हटकलं नाही. मला वाटलं, यांना बरं नाहीये. मग ते बोलायला लागले.

दोघा भावांची विहीर एक होती. मोटर एक. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस सरांचा. बोलणं बंद असल्यानं पाण्याचा सगळा कारभार थोरल्याचा सालदार बघायचा. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. हाही वरच्या डोंगरातला, बायकोपोरांना घेऊन शेतातच राहायचा. "दादा सांगतस, उद्या पानी तुम्हनं." "नाना सांगतस, फुटवॉलम्हा कचरा आडकना शे." असे निरोप तो बांधावरून इकडचे तिकडे करी. घरात सरांना नाना म्हणत. निरोपातली शिवी तो वाटेतच गाळून टाकी, हे सरांना फार उशिरा कळलं.

त्या दिवशी पाणी सरांचं होतं. पण आदल्या दिवशी वीज नव्हती, म्हणजे थोरल्याची पाळी कोरडी गेली होती, आणि मिरची सुकत होती. सकाळपासूनही वीज नव्हतीच. सरांनी सालदाराला सांगितलं, वीज येईपर्यंत खाली उतर आणि पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची जाळी, तो फुटवॉल, साफ कर. त्यानं सदरा काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि तो उतरला. मोटर आत कपारीवर होती, तिची बटनाची पेटी वर बाजूच्या खोलीत, केबल जुनी, ठिकठिकाणी उघडी पडलेली. सर आपल्या शेतात पाटाचं दार नीट करायला गेले.

"तेवढ्यात खोलीवरचा बल्ब लागला," सर म्हणाले. "वीज आली. मी मान वर केली तर दादा त्याच्या बाजूनं मोटरच्या खोलीकडे निघालेला. पेटी त्या खोलीत. तिथून विहिरीचं तोंड दिसत नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही ओरडलात."

"मराठी," ते म्हणाले, "ओरडायला काय लागतं रे? दादा, थांब. एवढंच. आम्ही दोघं लहानपणी एकमेकांना गावाच्या या टोकापासून त्या टोकाला हाका मारायचो. तोंड उघडलं मी. दादा हा शब्द इतकी वर्षं उच्चारलाच नव्हता. जीभ वळेना. मनात पहिलं काय आलं सांगू? सालदाराकडून निरोप पाठवू."

चहा निवला होता. त्यावर साय धरली होती.

"निरोप्याच विहिरीत होता," सर म्हणाले. "मग मी पळालो. ढेकळांतून पळत सुटलो. दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि आत गेला. हिरवं बटन दाबलं."

उघड्या केबलची वीज पाण्यात उतरली, आणि सालदाराला मेलेलाच वर काढावं लागलं. पोलिसांनी अपघात लिहिला. सालदार आपल्या मनानं उतरला असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. थोरल्यानं डोंगरातल्या त्याच्या गावी जाऊन पंचांसमोर मान खाली घातली, सालदाराच्या बायकोच्या पायाशी बसला. गावात अजून कुणी त्याच्या हातचा तंबाखू घेताना थबकतं. बटन त्यानं दाबलं ना. सरांकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही.

"त्याला मी उतरवलं होतं, हे दादाला माहीत नाही," सर म्हणाले. "सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून मी इथं पोरांना शून्य वाटत बसलोय. दर रविवारी सांगायचं म्हणून जातो आणि बांधावरून परत येतो. आता मोतीबिंदू झालाय, तो दूरवरून दिसायचाही बंद होईल. येशील का या रविवारी? नुसता उभा राहा."

मी गेलो. डिसेंबर होता. नंदुरबारात शिरताना पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि तिचा खकाणा बसमध्ये सगळ्यांच्या नाकाडोळ्यांत जात होता. सरांचे डोळे पाझरत होते, माझेही. त्यांनी फोन काढला, 'हॉटलाइन' वर आणलं, बघितलं आणि पुन्हा खिशात घातला.

शेत सुरेख होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना मिरचीच. कुठली थोरल्याची, कुठली धाकट्याची, मला कळेना. आम्ही बांधावर उभे राहिलो. थोड्या वेळानं एक उंच, वाकलेला म्हातारा पलीकडून आला. त्यानं आम्हाला पाहिलं असावं, पण पाहिल्यासारखं केलं नाही. मोटरच्या खोलीकडे न जाता तो आधी विहिरीवर गेला, कठड्याला दोन्ही हात टेकून वाकला आणि ओरडला.

"कोनी शे का रे खाले?"

विहिरीतून त्याचाच आवाज परत आला. तो थांबला. पुन्हा ओरडला.

"कोनी शे का?"

"आता पाण्यात बुडालेली मोटर आहे," सर माझ्या कानाशी म्हणाले. "विहिरीत उतरायचं कुणाला कारणच नाही. तरी त्या दिवसापासून रोज ओरडतो. गाव हसतं त्याला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोघा भावांचा आवाज एकच होता. विसरवाडीच्या स्टँडवर रोज ऐकू येणारा तोच.

म्हातारा अजून वाकलेलाच होता. जणू उत्तर येईपर्यंत त्याला बटन दाबायची परवानगी नव्हती. सरांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की मला दुखलं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग आवाज आला, भोंग्यासारखा, सगळ्या शिवारात गेला.

"कोनी नही, दादा! दाब!"

म्हातारा सरळ झाला. सर ढेकळांतून त्याच्याकडे चालत निघाले, अडखळत, आणि मी मागून. जवळ पोचल्यावर त्यांनी पाया-बिया पडणं केलं नाही. धापा टाकत एकदम बोलून टाकलं.

"दादा, त्या दिन त्याले मी उतराले सांगं व्हतं. तू जाई ऱ्हायंता ते मी देखं. हाक मारनार व्हतू. जीभ वयनी नही."

थोरला कठड्यावर बसला. हाताची पाठ डोळ्यांवरून फिरवली. मला वाटलं, आता हा उठेल आणि याच्या थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण तो शांतपणे बोलला.

"मीबी तुले देखं व्हतं. तू पयत येई ऱ्हायंता. माले वाटनं, पानीवरथीन भांडाले येई ऱ्हायना. तू येवाना पह्यले मोटर चालू करी टाकू म्हनीसन मी घाईघाई बटन दाबी दिन्हं. तू पयना नसता, ते मी पह्यले विहिरम्हा डोकाई देखतू."

सर खाली बसले. मातीतच. दोघांच्या मध्ये विहीर होती आणि दोघंही तिच्यात बघत होते. मोटर त्या दिवशी कुणीच सुरू केली नाही.

त्यानंतर दोघं बोलू लागले. फार नाही. पाण्याचं, मिरचीचं, डोळ्याच्या ऑपरेशनचं. थोरल्याचं विहिरीत ओरडणं सुटलं नाही, पण रविवारी बांधावरून त्याला उत्तर मिळू लागलं. चंद्राची गोष्ट सरांनी त्या वर्षापासून वर्गात सांगितली नाही. शून्य मात्र देत राहिले, अगदी निवृत्त होईपर्यंत.

गेल्या वर्षी सर गेले. त्याआधी एकदा त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा मी म्हटलं होतं, तुमच्यावर लिहावंसं वाटतं. ते चिडले.

"लिही. पण माझं नाव घालू नको. दादाचंही नको. अमेरिका आणि रशिया सगळ्यांना पाठ असतात, त्यांना काय धाड भरलीय? मधल्याचं नाव लिही. ते कुठल्याच पुस्तकात नसतं."

म्हणून लिहितो. त्या सालदाराचं नाव दामजा होतं.